लटक्या सुईची साक्ष : जुनाट अपचन, अ‍ॅक्युपंक्चर आणि पुराव्याचा प्रश्न

१

अमेरिकेत अ‍ॅक्युपंक्चरचा बोलबाला सुरू झाला तो एका पत्रकाराच्या फुगलेल्या पोटामुळे. ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे जेम्स रेस्टन १९७१च्या जुलैमध्ये पेकिंगला होते. तिथे त्यांना अपेंडिक्सचा त्रास झाला आणि शस्त्रक्रिया करावी लागली. दुसऱ्या रात्री पोट गच्च झाले, आत दाब जाणवू लागला. रुग्णालयातल्या अ‍ॅक्युपंक्चर तज्ज्ञाने उजव्या कोपराजवळ आणि गुडघ्यांखाली मिळून तीन सुया टोचल्या, दवण्याच्या जातकुळीतल्या एका वनस्पतीची जळती कांडी पोटाजवळ धरून धग दिली. तासाभराच्या आत पोट मोकळे झाले आणि तो त्रास पुन्हा झाला नाही, असे रेस्टन यांनी २६ जुलै १९७१च्या अंकात लिहिले.

या मजकुराची पुढे दंतकथा झाली. ‘रेस्टन यांची शस्त्रक्रिया भूल न देता, नुसत्या सुया टोचून केली’ असे आजही सांगितले जाते. मूळ लेखात असे काहीही नाही. शस्त्रक्रिया नेहमीच्या औषधांनी अंग बधिर करूनच झाली होती. सुया आल्या त्या नंतर, पोट फुगल्यावर.

दंतकथा बाजूला ठेवली तरी एक प्रश्न उरतोच. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर आतड्यांची हालचाल मंदावते आणि बहुधा दोन-तीन दिवसांत आपोआप पूर्ववत होते. रेस्टन यांचे पोट सुयांनी मोकळे झाले की ते त्या रात्री मोकळे होणारच होते? एका माणसाच्या अनुभवावरून, तो कितीही प्रामाणिकपणे सांगितलेला असो, याचे उत्तर मिळत नाही. त्यासाठी तुलना लागते. गेल्या पन्नास वर्षांत ही तुलना करण्याचे अनेक प्रयत्न झाले. जुनाट अपचनावर झालेल्या चाचण्यांचे अहवाल मी एखादी संहिता वाचावी तसे वाचले. कोण बोलते आहे, कशाशी तुलना चालली आहे, काय सांगितले आहे आणि काय गाळले आहे, हे प्रश्न वैद्यकीय अहवालालाही विचारता येतात. या लेखात तेच करायचे आहे.

२

आधी दुखणे कोणते ते ठरवू. मराठीत ‘अपचन’ हा शब्द फार ढिला आहे. लग्नाच्या पंगतीनंतर येणारे करपट ढेकरही अपचन आणि दहा वर्षे छळणारी पोटाची तक्रारही अपचनच. शिवाय ‘पित्त झाले’, ‘गॅस धरला’, ‘अजीर्ण झाले’ हे सगळे एकमेकांच्या जागी वापरले जाते. चाचणीला इतका ढिलेपणा चालत नाही.

वैद्यकात ज्याला ‘फंक्शनल डिस्पेप्सिया’ म्हणतात त्याचे रुग्ण साधारण असे बोलतात : चार घास खाल्ले की पोट भरते, जेवण तासन्‌तास दगडासारखे पडून राहते, वरच्या पोटात दुखते किंवा जळजळते. दुर्बिणीतून तपासणी केली तर व्रण नाही, गाठ नाही. रक्ताच्या चाचण्या ठीक असतात. ‘रोम निकष’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय निकषांची २०१६ची आवृत्ती यातल्या ‘जेवणानंतर त्रास होणाऱ्या’ गटाचे निदान करण्यासाठी एक अट घालते : त्रास आठवड्यातून किमान तीन दिवस, गेले तीन महिने सतत आणि त्याची सुरुवात किमान सहा महिन्यांपूर्वीची हवी. म्हणजे हे दुखणे चिवट आहे, आणि ते दाखवता येत नाही. रुग्ण सांगतो तेवढाच त्याचा पुरावा.

या दुसऱ्या गोष्टीमुळे दोन अडचणी उभ्या राहतात. एक रुग्णाची. ‘रिपोर्ट नॉर्मल आहेत, टेन्शन घेऊ नका’ हे वाक्य ऐकून बाहेर पडलेला माणूस दुसरी वाट शोधतो, आणि अ‍ॅक्युपंक्चरच्या खोलीपर्यंत पोचणारे कितीतरी लोक याच वाटेने पोचतात. दुसरी अडचण संशोधकाची. रक्तदाब मोजता येतो, साखर मोजता येते. इथे मोजायचे ते रुग्णाच्या सांगण्यालाच. आणि सांगण्यावर अपेक्षेचा, भिडेचा, आशेचा परिणाम होतोच.

त्यात हे दुखणे चढ-उताराचे. माणूस उपचाराला जातो तो त्रास शिगेला पोचल्यावर. शिगेनंतर उतार येतो तो कोणत्याही उपचाराच्या खात्यावर जमा होतो. ओवा-हिंगाच्या, सुईच्या किंवा महागड्या गोळीच्याही. म्हणून ‘मला गुण आला’ हे वाक्य खरे असूनही ‘सुईने गुण आला’ हे त्यातून सिद्ध होत नाही.

३

औषधाची चाचणी घेताना सोपी युक्ती आहे. अर्ध्या लोकांना खरी गोळी, अर्ध्यांना तशीच दिसणारी निरुपद्रवी गोळी. कोणाला काय मिळते आहे हे रुग्णालाही माहीत नाही आणि देणाऱ्यालाही. सुईचे काय करायचे? टोचलेली सुई आणि न टोचलेली सुई यांतला फरक कोणालाही कळतो.

यावर दोन उपाय निघाले. पहिला म्हणजे भलत्याच जागी, अगदी उथळ सुई टोचायची. दुसरा अधिक नाटकी. जर्मनीतील कोनराड श्ट्राइटबेर्गर यांनी १९९८मध्ये एक बोथट टोकाची सुई मांडली. नाटकातल्या खंजिराचे पाते मुठीत सरकते तशी ती आपल्याच दांड्यात सरकते. रुग्णाला टोचल्यासारखे वाटते, सुई आत गेल्यासारखी दिसते, पण कातडी भेदली जात नाही. या सगळ्या प्रकारांना मी ‘लटकी सुई’ म्हणतो.

लटक्या सुईत दोन उणिवा आहेत आणि पुढचे सगळे आकडे वाचताना त्या लक्षात ठेवायला हव्यात. पहिली : ती साखरेच्या गोळीइतकी निष्क्रिय नाही. भलत्या जागी टोचली तरी ती टोचतेच, मज्जातंतूंना जागे करतेच. जपानमधल्या काही परंपरांत तर इतका उथळ स्पर्श हाच खरा उपचार मानला जातो. दुसरी : टोचणाऱ्याला ती लटकी आहे हे माहीत असते. ‘आपण नुसते नाटक करतो आहोत’ हे जाणणारा माणूस आणि ‘आपण बरे करतो आहोत’ असे मानणारा माणूस यांच्या हातांत, आवाजात, नजरेत फरक पडतो. रुग्ण तो टिपतो.

खऱ्या सुईच्या बाबतीत आणखी एक गोष्ट असते. सुई योग्य खोलीवर फिरवली की जडपणा, मुंग्या, खोल ठणका जाणवतो. चिनी परंपरेत याला ‘ची’ म्हणजे प्राणशक्ती हाती लागल्याची खूण मानतात. ज्याने पूर्वी अ‍ॅक्युपंक्चर घेतले आहे त्याला ही संवेदना ओळखीची असते. ती आली नाही, तर आपल्या वाट्याला लटकी सुई आली हे त्याला ताडता येते.

४

आता प्रत्यक्ष चाचण्या. २०१४मध्ये कॉक्रेन या संस्थेने अपचनावरील अ‍ॅक्युपंक्चरच्या तोवरच्या चाचण्यांचा धांडोळा घेतला. कसाला उतरलेल्या चाचण्या निघाल्या सात, त्यांतले रुग्ण ५४२. निष्कर्ष असा की पुरावा कमी ते अतिकमी दर्जाचा आहे आणि अ‍ॅक्युपंक्चर अधिक गुणकारी आहे की नाही हे सांगता येत नाही. याचा अर्थ ‘उपयोग नाही’ असा होत नाही. आपल्याकडे मात्र दोन्ही बाजू तो सोयीने वाकवतात.

२०१२मध्ये प्रसिद्ध झालेली एक चिनी चाचणी वेगळ्या धाटणीची होती. ७१२ रुग्णांचे सहा गट. चार गटांना निरनिराळ्या पद्धतीने निवडलेल्या बिंदूंवर खऱ्या सुया, पाचव्याला लटक्या सुया, सहाव्याला इटोप्राइड हे जठराची हालचाल वाढवणारे औषध. चार आठवड्यांत वीस वेळा उपचार. पारंपरिक सिद्धान्ताप्रमाणे जठराच्या वाहिनीवरील खास बिंदू ज्यांना मिळाले त्या गटात सुमारे ७१ टक्के रुग्णांना गुण आला, लटक्या सुयांच्या गटात सुमारे ३५ टक्क्यांना. या चाचणीचा प्रश्न मला आवडला. ‘सुई चालते का?’ एवढेच न विचारता ‘कुठे टोचले याने फरक पडतो का?’ असे ती विचारते, आणि परंपरेचा दावा नेमका तोच आहे. उणीव तीच जुनी : कोणता बिंदू ‘खास’ आणि कोणता बिनकामाचा हे टोचणाऱ्यांना पाठ होते.

यानंतरची महत्त्वाची चाचणी २०२०मध्ये ‘अ‍ॅनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन’ या अमेरिकी नियतकालिकात आली. चीनमधले २७८ रुग्ण, सगळे जेवणानंतर त्रास होणाऱ्या गटातले. चार आठवड्यांत बारा वेळा उपचार. निम्म्यांना खरी सुई, निम्म्यांना उथळ आणि बिंदू सोडून टोचलेली. उपचार संपल्यावरही बारा आठवडे पाठपुरावा.

या चाचणीने दोन मुख्य मोजमापे ठेवली होती. पहिले : ‘एकंदरीत तुम्हाला बरे वाटते का?’ यावर सुधारणा झाल्याचे खऱ्या सुईच्या गटात ८३ टक्क्यांनी सांगितले, लटक्या सुईच्या गटात ५१.६ टक्क्यांनी. दुसरे मोजमाप कडक होते : जेवणानंतरचा जडपणा, वरच्या पोटाची फुगी आणि लवकर पोट भरणे ही तिन्ही लक्षणे पूर्ण गेली का? इथे खऱ्या सुईचा आकडा २७.८ टक्के, लटक्या सुईचा १७.३ टक्के.

जाहिरातींत पहिला आकडा छापला जाईल. टीकाकार दुसरा उचलतील. मला दोन्ही एकत्र वाचायचे आहेत.

५

पहिल्या मोजमापात फरक ३१ टक्क्यांचा, म्हणजे लटक्या सुईच्या तुलनेत दर तीन रुग्णांमागे एकाला जास्तीचा फायदा. दुसऱ्यात फरक साडेदहा टक्क्यांचा, म्हणजे दहा रुग्णांमागे एकाला. प्रश्न जितका सैल, तितका फरक मोठा. प्रश्न जितका नेमका, तितका फरक लहान. याचे एक स्पष्टीकरण उदार आहे : सुईने त्रास हलका होतो, पण समूळ क्वचितच जातो. दुसरे संशयाचे आहे : ‘बरे वाटते का?’ या प्रश्नात टोचणाऱ्याची खात्री, रुग्णाचा अंदाज आणि भीड हे सगळे झिरपायला जागा आहे. अहवाल वाचून या दोहोंत निवाडा करता येत नाही. अहवालकर्त्यांनीही वस्तुनिष्ठ मोजमाप नसल्याची मर्यादा मान्य केली आहे. जठर किती वेळात रिकामे होते हे मोजता येते. ते इथे मोजलेले नाही.

आणखी एक सावधगिरी. अँड्र्यू व्हिकर्स आणि सहकाऱ्यांनी १९९८मध्ये अ‍ॅक्युपंक्चरच्या चाचण्या देशवार तपासल्या. चीन, जपान, हाँगकाँग आणि तैवान इथून आलेली प्रत्येक चाचणी अ‍ॅक्युपंक्चरच्या बाजूने लागली होती. कोणताही खरा उपचार दरवेळी जिंकत नाही. योगायोगाने तरी कधीतरी हरतो. २०२०ची चाचणी त्या जुन्या चाचण्यांपेक्षा पुष्कळ काटेकोर आहे आणि तिला सरसकट त्या पंक्तीत बसवणे अन्यायाचे होईल. पण चीनमध्ये अ‍ॅक्युपंक्चर हा उपचार आहे तसा राष्ट्राभिमानाचाही विषय आहे, हे वाचकाने विसरू नये.

हाच निकष आपल्या नेहमीच्या औषधांनाही लावायला हवा, आणि आपल्याकडचे विवेकवादी लेखन इथे कमी पडते असे माझे मत आहे. या दुखण्यावर सर्रास लिहून दिल्या जाणाऱ्या ओमेप्राझोलच्या जातीच्या गोळ्यांचा आढावा कॉक्रेननेच २०१७मध्ये घेतला. निष्क्रिय गोळीच्या तुलनेत त्यांचा जास्तीचा फायदा साधारण अकरा रुग्णांमागे एकाला. मोजमापे वेगळी असल्यामुळे सुईचे आकडे आणि गोळीचे आकडे समोरासमोर ठेवून कोण जिंकले हे ठरवता येणार नाही. तरी एवढे दिसतेच की सुईकडून आपण जो लखलखीत पुरावा मागतो तो खिशातल्या गोळीकडेही नाही.

मग परंपरेचा सिद्धान्त सिद्ध झाला का? नाही. गुडघ्याखाली नडगीच्या बाहेरच्या अंगाला असलेला ‘झूसानली’ हा बिंदू पोटासाठी प्रसिद्ध आहे. २०२१मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या संशोधनात उंदरांच्या मागच्या पायातल्या याच जागी सौम्य विद्युतप्रवाहासह सुई दिल्यावर मेंदूतून निघणाऱ्या व्हेगस मज्जातंतूमार्फत शरीरातला दाह कमी झालेला दिसला, पोटावरच्या बिंदूने तो मार्ग जागा झाला नाही. म्हणजे जागेने फरक पडू शकतो आणि त्याचे कारण मज्जातंतूंत सापडू शकते. पण हे उंदीर होते, विषय दाह होता आणि सापडले ते मज्जातंतू. ‘ची’ आणि तिच्या वाहिन्या यांची त्यात कुठे गरज पडली नाही. ‘हजारो वर्षांची अखंड परंपरा’ हा दावाही तपासून घ्यावा. १८२२मध्ये चीनच्याच सम्राटाने राजवैद्यसंस्थेतून अ‍ॅक्युपंक्चर हद्दपार केले होते. आजचे त्याचे रूप विसाव्या शतकात बरेचसे नव्याने घडवलेले आहे.

६

या सगळ्या आकड्यांत मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो ५१.६. ज्यांना खरा उपचार मिळालाच नाही त्यांतल्या निम्म्याहून अधिक लोकांनी सुधारणा झाल्याचे सांगितले. बहुतेक लेखक हा आकडा वजाबाकीपुरता वापरतात आणि टाकून देतात. त्यातला काही भाग दुखण्याच्या नैसर्गिक उताराचा आहे हे उघड. पण सगळा तेवढाच आहे का?

हे समजायला तिसरा गट लागतो : ज्यांना काहीच दिले नाही असा. जर्मनीत अर्धशिशीवर झालेल्या आणि २००५मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३०२ रुग्णांच्या चाचणीत तो होता. खऱ्या सुईने ५१ टक्के रुग्णांची डोकेदुखी निम्म्याने तरी कमी झाली, लटक्या सुईने ५३ टक्के रुग्णांची, नुसते थांबवून ठेवलेल्यांत १५ टक्क्यांची. खरी आणि लटकी सारखीच, पण दोन्ही ‘काही नाही’पेक्षा कितीतरी पुढे.

पोटाच्या बाबतीत याहून बोलकी चाचणी हार्वर्डच्या टेड कॅपचुक यांची, २००८ची. दुखणे अपचनाचे सख्खे भावंड : इरिटेबल बॉवेल, म्हणजे तपासणीत काही न सापडणारा आतड्यांचा त्रास. रुग्ण २६२. खरी सुई कोणालाच दिली नाही. एक गट नुसता थांबवलेला. दुसऱ्याला लटकी सुई, पण टोचणारा कामापुरते बोलणारा; पहिली भेट पाच मिनिटांत उरकलेली. तिसऱ्याला तीच लटकी सुई, मात्र पहिली भेट पाऊण तासाची. तीत दुखण्याबद्दल विचारपूस, ऐकून घेणे, आपुलकी, उपचाराविषयी भरवसा. तीन आठवड्यांनी पुरेसा आराम पडल्याचे सांगणारे पहिल्या गटात २८ टक्के, दुसऱ्यात ४४ आणि तिसऱ्यात ६२.

या चाचणीत बिंदू नाहीत, वाहिन्या नाहीत, कातडीत शिरणारी सुईही नाही. तरी २८वरून ६२. लटक्या सुईची साक्ष ती हीच : उपचाराच्या खोलीत सुईखेरीज आणखी काहीतरी काम करते आहे. पाठीवर आडवे पडून शांत राहण्याची अर्ध्या तासाची सक्ती, आठवड्यातून तीनदा भेटणारा तोच माणूस, ‘कुठे दुखते, कधीपासून’ हे पुन्हा पुन्हा विचारले जाणे. जठर आणि मेंदू यांच्यात मज्जातंतूंची दुतर्फा वाहतूक अखंड चालते, त्यामुळे अशा गोष्टींचा पोटावर परिणाम होणे यात चमत्कार काहीच नाही. याला ‘मनाचे खेळ’ म्हणून उडवून लावणे म्हणजे रुग्णाला पुन्हा एकदा ‘टेन्शन घेऊ नका’ म्हणून बाहेर काढणे आहे.

७

महाराष्ट्राला या विषयाशी नाते आहे. १९३८मध्ये चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते आणि नागपूरचे डॉ. चोळकरही. कोटणीस १९४२मध्ये तिथेच वारले. ते शल्यचिकित्सक होते. पण पथकातले त्यांचे सहकारी डॉ. विजयकुमार बसू पुढे चीनमध्ये अ‍ॅक्युपंक्चर शिकून आले आणि त्यांनी ते कोलकात्यात रुजवले. त्यामुळे देशात काही ठिकाणी कोटणीसांच्या नावाने ही केंद्रे चालतात. महाराष्ट्राने तर या पद्धतीसाठी स्वतंत्र कायदाच केला. कायद्याने नोंदणी होते, शिकवण्याला शिस्त येते. गुण येतो की नाही हे मात्र कायदा ठरवू शकत नाही, आणि नोंदणीच्या पाटीला कोणी पुरावा समजू नये.

मग रुग्णाने काय करावे? समीक्षकाला हा प्रश्न टाळता येतो, पण टाळू नये. वजन घटत असेल, गिळताना अडत असेल, रक्ताची उलटी किंवा काळी शौच होत असेल, किंवा उतारवयात हा त्रास नव्याने सुरू झाला असेल, तर आधी डॉक्टर आणि दुर्बीण; सुई नंतर. वर सांगितलेल्या चाचण्यांतले यश हे ज्यांच्या पोटात दुसरे काही नाही अशा लोकांचे आहे. जठराच्या कर्करोगाला सुयांच्या बैठकांत वेळ घालवणे परवडत नाही. ही शहानिशा झाली आहे, गोळ्यांनी भागत नाही, सुया एकदाच वापरून फेकायच्या आहेत आणि खर्च झेपणारा आहे, अशा माणसाने महिनाभर अ‍ॅक्युपंक्चर करून पाहिले तर त्याला मी भोळा म्हणणार नाही. त्याला मी एवढेच सांगेन की चारांतल्या तिघांची सगळी लक्षणे खऱ्या सुईनेही जात नाहीत; महिन्याने फरक नसेल तर थांबावे; आणि ‘मुळापासून बरे करतो’ म्हणणाऱ्याकडे जाऊ नये.

पुढच्या चाचणीत मला तीन गट हवेत : खरी सुई, लटकी सुई, आणि सुईशिवाय तितकाच वेळ नि तितकेच लक्ष. ती या पद्धतीचे अभिमानी नसलेल्यांनी घ्यावी आणि रुग्णाच्या सांगण्याबरोबर जठराची हालचालही मोजावी. तिसरा गट पहिल्या दोघांच्या जवळपास पोचला, तर उत्तर अ‍ॅक्युपंक्चरवाल्यांना आवडणार नाही. मोठ्या रुग्णालयांनाही ते फारसे आवडणार नाही. कारण मग बाह्यरुग्ण विभागात एका माणसाला किती मिनिटे मिळतात याचा हिशेब द्यावा लागेल.